प्राणी-निवाऱ्यात वर्तनतज्ज्ञ म्हणून काम सुरू करताना

रस्त्यावरून उचललेल्या, घरातून सोडून दिलेल्या किंवा छळातून सोडवलेल्या प्राण्यांना आसरा देऊन त्यांच्यासाठी नवे घर शोधणाऱ्या धर्मादाय संस्थांमध्ये पशुवैद्याची गरज कोणाला पटवून द्यावी लागत नाही. वर्तनतज्ज्ञाची मात्र द्यावी लागते. ‘बस’, ‘थांब’, ‘हात दे’ शिकवणारा ट्रेनर अशीच त्याची प्रतिमा बहुतेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात निवाऱ्यातील वर्तनतज्ज्ञाचे मुख्य काम शिकवण्याचे नसून पाहण्याचे आणि पाहिलेले नेमकेपणाने मांडण्याचे आहे: हा प्राणी कशाला भितो, कशाने निवतो, कोणत्या घरात तो सुखाने राहील आणि कोणत्या घरात त्याला पाठवणे त्याच्यावर व त्या घरावरही अन्यायाचे होईल. महाराष्ट्रातील बहुतेक निवाऱ्यांत कुत्रीच अधिक असल्याने पुढील विवेचन कुत्र्यांना धरून केले आहे.

आत पाऊल टाकण्यापूर्वी

भारतात पशुवैद्यकाचा व्यवसाय भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणीकृत पदवीधरालाच करता येतो, परंतु ‘प्राणी-वर्तनतज्ज्ञ’ हे बिरुद कोणीही लावू शकतो. ब्रिटनमध्ये ॲनिमल बिहेव्हियर अँड ट्रेनिंग कौन्सिलची स्वतंत्र नोंदवही आहे. आपल्याकडे तशी व्यवस्था नसल्याने दर्जा राखण्याची जबाबदारी स्वतःवरच येते. प्राणिशास्त्र, मानसशास्त्र किंवा पशुवैद्यक यांपैकी कशाचेही शिक्षण उपयोगी पडते, पण केवळ पदवी पुरत नाही. सर्टिफिकेशन कौन्सिल फॉर प्रोफेशनल डॉग ट्रेनर्स ही आंतरराष्ट्रीय संस्था परीक्षेला बसण्यापूर्वी ३०० तासांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा अनुभव मागते, आणि ती अट रास्त आहे. निवाऱ्यात हे तास लवकर भरतात.

अभ्यासक्रम निवडताना एक सोपी कसोटी लावावी. ज्या वर्गात ‘पॅक लीडर’, ‘अल्फा’, ‘कुत्र्याला त्याची जागा दाखवा’ अशी भाषा चालते, तेथून परत फिरावे. या कल्पनेचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातील लांडग्यांवर केलेल्या आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत आहे. ती लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक असलेल्या डेव्हिड मेक यांनीच पुढे १९९९ मध्ये, रानातले लांडगे कुटुंब करून राहतात आणि तेथे ‘अल्फा’ म्हणजे बहुधा केवळ आईबाप असतात, असे दाखवून दिले. ज्या जनावराने आधीच माणसाचा मार खाल्लेला आहे, त्याच्यावर ही जुनी समजूत पुन्हा चालवून पाहणे निवाऱ्यात तर मुळीच परवडणारे नाही.

दुसरी तयारी शरीराची. रेबीजची प्रतिबंधक लस घेतल्याशिवाय एकाही पिंजऱ्याचे दार उघडू नये. भारतात ती ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी देतात. ती घेतलेली असली तरी चावा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुणे आणि ०, ३ या दिवशी पुन्हा डोस घेणे चुकत नाही. गरज उरत नाही ती फक्त इम्युनोग्लोब्युलिनच्या (तयार प्रतिपिंडांच्या) इंजेक्शनची. चावणाऱ्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवण्याची पद्धत का आहे, हेही समजून घ्यावे: ज्याच्या लाळेत विषाणू उतरला आहे, असे कुत्रे साधारणपणे त्या मुदतीत आजारी पडते किंवा मरते. ‘छोटासा ओरखडा आहे’ म्हणून चावा लपवणारा स्वयंसेवक हा निवाऱ्यातला सर्वांत धोक्याचा माणूस असतो. त्याचे अनुकरण करू नये.

पहिले काही आठवडे

या काळात सल्ला देऊ नये. सकाळी पिंजरे धुणाऱ्या, भात-चिकन शिजवणाऱ्या आणि पाण्याची भांडी भरणाऱ्या मावशी-दादांबरोबर काम करावे. कोणते कुत्रे पाइपच्या आवाजाने कोपऱ्यात दबते, कोण फक्त एकाच दादाच्या हातून खाते, कोणत्या दोघांना शेजारी ठेवले की रात्रभर गुरगुर चालते, हे त्यांना तोंडपाठ असते, मात्र कोणी विचारलेले नसल्याने ते कोठेही लिहिलेले नसते. शिवाय पुढे आपण जी योजना आखू, ती दिवसाचे आठ तास राबवणारे हेच लोक असतात. त्यांना न विचारता लिहिलेली योजना फाइलमध्येच राहते.

नवे कुत्रे आले की

पहिल्या दिवशी स्वभावाचा निवाडा करण्याचा मोह फार होतो, कारण संस्थेला फोटो आणि चार ओळींची माहिती लगेच हवी असते. तो टाळावा. मायकेल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतील एका सरकारी निवाऱ्यातील कुत्र्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मोजले, तेव्हा पहिल्या तीन दिवसांतील कुत्र्यांमध्ये ते, नऊ दिवसांहून अधिक काळ राहिलेल्या कुत्र्यांपेक्षा बरेच जास्त आढळले. म्हणजे या दिवसांत आपल्याला दिसते ते मुख्यतः ताणाखालचे कुत्रे. त्याला आडोसा द्यावा, दारावर अर्धा पडदा टाकावा, खाणे-पाणी नेमक्या वेळी आणि शक्यतो एकाच माणसाच्या हातून द्यावे, आणि त्याच्याकडे टक लावून न पाहता बाजूला बसावे. पडद्यामागून पाहिलेल्या गोष्टींची नोंद तेवढी सुरू करावी.

त्याच काळात पशुवैद्यकीय तपासणी पूर्ण व्हावी, असा आग्रह धरावा. लिंकन विद्यापीठातील डॅनियल मिल्स आणि इतर तज्ज्ञांनी २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार वर्तनासाठी तज्ज्ञाकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश प्राण्यांच्या मुळाशी काहीतरी दुखणे असते, आणि काही तज्ज्ञांकडच्या प्रकरणांत तर हे प्रमाण ८० टक्क्यांजवळ जाते. आपल्याकडे अपघातात मोडून वाकडे जुळलेले पाय, चिघळलेले कान, किडलेले दात आणि गोचिडतापाने आलेली गळून गेलेली अवस्था नित्याची असते. पाठीला हात लावताच फिरून दात दाखवणारे कुत्रे ‘रागीट’ ठरवण्याआधी त्याच्या कंबरेचा एक्स-रे काढावा. डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारातून वाचलेल्या कुत्र्याचे झटके आणि चघळल्यासारखा जबडा हलवत राहणे हेही अनेकदा ‘विचित्र सवय’ म्हणून नोंदले जाते. औषध सुचवणे मात्र आपले काम नव्हे. भीती कमी करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय पशुवैद्याचा, आणि आपण त्याला द्यायची ती निरीक्षणे.

पाहणे आणि लिहिणे

सर्वाधिक वेळ येथे द्यावा, असे माझे मत आहे, कारण पुढचे सारे यावरच उभे राहते. कुत्रे चावण्यापूर्वी सहसा बरेच काही सांगून चुकलेले असते. ब्रिटिश पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी हे सांगणे एका शिडीच्या रूपात मांडले आहे: खालच्या पायऱ्यांवर जांभई, पापण्या लववणे आणि नाक चाटणे; मग मान वळवणे, अंग वळवणे, पंजा उचलणे, निघून जाणे; त्यावर कान मागे पाडून अंग चोरणे, शेपूट पोटाखाली घेणे; त्याही वर ताठरणे आणि रोखून पाहणे; शेवटी गुरगुरणे, हवेत तोंड मारणे आणि चावा. खालच्या पायऱ्यांना कोणी दाद दिली नाही म्हणजे कुत्रे वर चढते, आणि गुरगुरल्याबद्दल ज्याला मार बसला आहे, ते पुढच्या वेळी ती पायरी गाळून थेट चावते. ‘काही न सांगता चावला’ अशी तक्रार घेऊन आलेल्या कुत्र्याच्या पूर्वेतिहासात हा मार पुष्कळदा सापडतो. म्हणून गुरगुर ऐकून आपण एक पाऊल मागे घ्यावे आणि ती थांबवण्याचा प्रयत्न करू नये.

एखादी खूण एकटी वाचू नये. शेपूट हलते म्हणजे कुत्रे खूश आहे, ही समजूत बालवाडीपासून आपल्या डोक्यात असते. परंतु उंच, ताठ आणि थरथरत हलणारी शेपूट आणि सैल कमरेसह हलणारी शेपूट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जांभई दुपारी झोपेतून उठल्यावर आली आणि अनोळखी माणसाने वाकून डोक्यावर हात ठेवताना आली, यांतही तसाच फरक आहे. काय घडले, त्याआधी काय होते आणि त्यानंतर कुत्र्याला काय मिळाले किंवा काय टळले, या तीन बाबी प्रत्येक नोंदीत हव्यात.

नोंद कशी असावी, याचे उदाहरण देतो. ‘काळू आक्रमक आहे, पुरुष आवडत नाहीत’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘सायंकाळी ५ वाजता हातात झाडू घेतलेला कर्मचारी पिंजऱ्यापासून साधारण दहा फुटांवर आला, काळू ताठरला, कान मागे गेले, दोनदा भुंकून मागच्या भिंतीला गेला, झाडू खाली ठेवल्यावर एका मिनिटाने पुढे येऊन त्याच कर्मचाऱ्याच्या हातून चिकन खाल्ले’ ही नोंद उपयोगी आहे. पहिली वाचून काळूला दत्तक घेण्याचे फॉर्म बाजूला पडतील. दुसरी वाचून लक्षात येते, की अडचण पुरुषाची नसून झाडूची आहे आणि दहा फुटांच्या बाहेरून काम सुरू करता येईल. ‘हट्टी’, ‘मत्सरी’, ‘सूड घेतो’ हे शब्द तर नोंदवहीतून हद्दपारच करावेत.

चाचण्यांवर किती विसंबावे

परदेशी निवाऱ्यांतून आलेल्या ठरावीक स्वभाव-चाचण्या नवोदिताला आकर्षक वाटतात: प्लॅस्टिकचा हात खाण्याच्या भांड्यात घाला, अनोळखी बाहुली दाखवा, गुण द्या. गॅरी पॅट्रोनेक आणि जेनिस ब्रॅडली यांनी २०१६ मध्ये या चाचण्यांची गणिती छाननी करून दाखवले, की त्यांत नापास ठरणारी बरीच कुत्री प्रत्यक्षात धोकादायक नसण्याचीच शक्यता मोठी असते आणि त्यांचा भरवसा नाणेफेकीहून फारसा अधिक नाही. एमी मार्डर यांच्या गटाच्या २०१३ च्या अभ्यासात निवाऱ्यात भांड्यावरून गुरगुरलेल्या २० कुत्र्यांपैकी ११ कुत्र्यांनीच नव्या घरी तसे केले. म्हणून चाचणी टाकून द्यावी असे नव्हे. ती अनेक नोंदींतील एक नोंद मानावी आणि एका दुपारच्या गुणांवर कोणाचे भवितव्य ठरू देऊ नये.

पिंजऱ्यातला दिवस

वैयक्तिक योजनांआधी सगळ्यांचाच दिवस थोडा सुसह्य करणे शहाणपणाचे, कारण दहा कुत्र्यांच्या तक्रारी पुष्कळदा एकाच कारणातून आलेल्या असतात. भुंकण्याने भरलेल्या शेडमध्ये आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, आणि पत्र्याच्या छपरावर पावसाळ्याची सर आली की त्यात भर पडते. समोरासमोरच्या पिंजऱ्यांमध्ये कापड किंवा बांबूची चटई लावून नजरानजर तोडावी. दुपारी दोन तास ना पाहुणे, ना धुलाई, असा नियम करून घ्यावा. कोरडे खाणे भांड्यात ओतण्याऐवजी गवतात उधळावे, जुन्या वर्तमानपत्राच्या पुंगळ्यांत गुंडाळून द्यावे, पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवावे. हुंगून शोधण्यात गेलेला अर्धा तास अनेक कुत्र्यांना धावपळीच्या फेरफटक्याहून अधिक निववतो. यासाठी देणगीची गरज लागत नाही, किराणा दुकानातली रिकामी खोकी पुरतात. दिवाळीच्या आठवड्याची आखणी मात्र महिनाभर आधी करावी: घाबरट कुत्री आतल्या खोल्यांत, संध्याकाळचा फेरफटका दुपारी, आणि फटाक्यांनी बिथरून हरवलेल्या कुत्र्यांसाठी काही पिंजरे मोकळे.

एका भीतीवर काम कसे होते

वरच्या काळूचेच घेऊ. प्रथम ज्या अंतरावर झाडू दिसूनही तो खाऊ शकतो, ते अंतर शोधावे. एकाने झाडू घेऊन त्या अंतरावर यावे. काळूने पाहिले, की दुसऱ्याने उकडलेल्या चिकनचे तुकडे द्यायला सुरुवात करावी. झाडू दिसेनासा झाला, की चिकनही थांबावे. क्रम महत्त्वाचा आहे: झाडू आधी, चिकन नंतर. उलट केले, तर चिकन दिसताच पुढे झाडू येणार, अशी धास्ती शिकवली जाते. पाच मिनिटांहून अधिक वेळ घेऊ नये. झाडू दिसल्यावर काळू स्वतःहून चिकन देणाऱ्याकडे पाहू लागला, म्हणजे अंतर थोडे कमी करावे. तो खाणे सोडून देऊ लागला, तर आपण घाई केली असे समजून मागे जावे. पुढे माणूस बदलावा, मग जागा बदलावी, आणि शेवटी झाडू प्रत्यक्ष जमिनीवर फिरू लागावा. योजना तीन ओळींत मराठीत लिहून पिंजऱ्याच्या दारावर लावावी, म्हणजे सुटीच्या दिवशी आलेला माणूस केलेले काम बिघडवणार नाही.

जे करू नये, तेही येथेच सांगतो. कुत्र्याला धरून ठेवून झाडू त्याच्या अंगाशी नेणे, ते धडपडणे सोडेपर्यंत तसेच ठेवणे आणि मग ‘बघा, शांत झाला’ म्हणणे हा प्रकार चित्रफितींत फार दिसतो. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांच्या १९६७ च्या प्रयोगांपासून आपल्याला माहीत आहे, की ज्यातून सुटता येत नाही अशा त्रासात सापडलेले कुत्रे पुढे सुटका शक्य असतानाही प्रयत्नच करत नाही. ते निपचित पडणे म्हणजे भीती गेल्याची खूण नव्हे.

सगळ्यांनाच घर हवे असते का

पिल्लांना सुमारे ३ ते १२-१४ आठवडे या वयात माणसे, आवाज, जिने, वाहने यांची ओळख सौम्यपणे झाली, तर ती घरात सहज रुळतात. हा काळ पिंजऱ्यात वाया घालवू नये, शक्य तितक्या लवकर लसीकरणाची काळजी घेऊन फोस्टर घरी, म्हणजे तात्पुरता सांभाळ करणाऱ्या कुटुंबाकडे, पाठवावे. पाच वर्षे एका गल्लीत वाढलेल्या, चहाच्या टपरीपासून मंदिरापर्यंत आपला रस्ता ठरलेल्या प्रौढ गावठी कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. चौथ्या मजल्यावरील फ्लॅट हे अशा काही कुत्र्यांसाठी बंदिवासच ठरते, आणि सोडवणाऱ्याच्या सदिच्छेने त्यात फरक पडत नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला उचलल्या जागी परत सोडायचे असते, आणि निरोगी, माणसाळलेल्या प्रौढ कुत्र्यासाठी हाच मार्ग अनेकदा दयाळूपणाचाही असतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी हेच तत्त्व कायम ठेवताना रेबीजबाधित, संशयित आणि आक्रमक कुत्र्यांना वगळले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातून उचललेली कुत्री तेथे परत सोडण्यास मनाई केली. परिणामी दीर्घकाळ निवाऱ्यात राहणारी प्रौढ कुत्री वाढतील, आणि ‘आक्रमक’ या एका शब्दाचे वजनही वाढले आहे. तो शब्द नोंदीत लिहिण्यापूर्वी, त्यामागे तारीख, वेळ आणि घटना आहे का, हे पाहावे.

कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांना २०१७ च्या अभ्यासात असे आढळले, की रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अनोळखी माणसावरचा विश्वास जादा खाण्यापेक्षा कुरवाळण्याने अधिक वाढला. निवाऱ्यात याचा अर्थ कुत्र्याला पकडून कुरवाळणे असा घेऊ नये. ते जवळ आले, तर तीन सेकंद छातीपाशी खाजवून हात काढावा आणि ते पुन्हा सरकते का, ते पाहावे.

जड निर्णय

ज्याच्या वेदना थांबवता येत नाहीत, किंवा ज्याने गंभीर चावे घेतले आहेत आणि ज्याला सुरक्षितपणे सांभाळता येत नाही, अशा प्राण्याचा प्रश्न कधीतरी येतोच. त्याचा निर्णय एकट्याने घेऊ नये आणि एकट्यावर येऊही देऊ नये. पशुवैद्य, संस्थेचे विश्वस्त आणि लागू असलेले नियम यांच्यासमोर आपल्या नोंदी ठेवाव्यात. गंभीर चाव्याचा इतिहास दडवून कुत्रे दत्तक देणे ही दया नव्हे.

घर आणि कुत्रे यांची गाठ

दत्तक घेणाऱ्याला ‘तुम्हाला कुत्री आवडतात का?’ असे विचारून काहीच कळत नाही. दिवसभर घरी कोण असते, कामाला येणाऱ्या मावशींना चालेल का, सासूबाईंचा किंवा आजोबांचा विरोध आहे का, घर भाड्याचे आहे का, लिफ्टशिवाय किती जिने आहेत, आधीचे कुत्रे कशाने गेले, बाहेरगावी जाताना कोण सांभाळणार, हे विचारावे. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने स्पष्ट केलेले आहे. तरीही शेजाऱ्यांशी रोज भांडण होणार असेल, तर त्याचा ताण शेवटी कुत्र्यावरच उतरतो, हे लक्षात ठेवावे. घरातील प्रत्येक सदस्याने निदान एकदा येऊन कुत्र्याला भेटावे. नकार देताना कारण सांगावे, आणि शक्य असेल तर दुसरे कुत्रे सुचवावे; नकार मिळालेली माणसे बाजारातून पिल्लू विकत घेतात, हे कटू असले तरी खरे आहे.

सोबत एक पानाचे पत्रक द्यावे: पहिल्या दिवसांत हार्नेस आणि गळपट्टा या दोहोंना स्वतंत्र पट्टे लावून फिरवणे, मुख्य दार उघडताना कुत्रे आतल्या खोलीत ठेवणे, पाहुणे न बोलावणे, आंघोळ न घालणे, खाताना आणि झोपलेले असताना मुलांना दूर ठेवणे. नव्या घरी रुळण्याचे टप्पे सांगणारे ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ हे प्रचलित सूत्र लोकांना धीर देण्यापुरते बरे आहे; कुत्री ते वाचत नाहीत. कुत्रे परत आले, तर आणणाऱ्याला अपराधी वाटेल असे बोलू नये. तो घरातले महिनाभराचे वर्तन सांगू शकणारा एकमेव साक्षीदार असतो, आणि दुखावून परत पाठवला, तर तो काहीच सांगणार नाही.

पाठपुराव्याचे फोन तिसऱ्या दिवशी, दोन आठवड्यांनी आणि दोन महिन्यांनी करावेत. ‘कसा आहे?’ याचे उत्तर ‘मस्त’ असेच येते. ‘काल रात्री तो कुठे झोपला, आज सकाळी खाताना जवळ कोण होते, शेवटचे तो कोणावर भुंकला आणि ती व्यक्ती किती अंतरावर होती’ असे विचारावे. मिळालेली उत्तरे त्याच फाइलमध्ये निवाऱ्यातील नोंदींखाली लिहावीत, आणि दोहोंत जेथे फरक पडला, तेथे खूण करून ठेवावी.